खोट्या नावाची खरी बंदूक

शस्त्राला नाव देण्याची चाल आपल्याकडे जुनीच. अर्जुनाच्या धनुष्याला गांडीव म्हणत, विष्णूच्या चक्राला सुदर्शन. ते नाव घेतले की शस्त्र धारण करणारा आठवतो. घडवणारा सहसा आठवत नाही. अलीकडच्या शस्त्रांचे तसे नाही. त्यांच्यावर कारखान्याचा शिक्का असतो, आणि शिक्का आला की मालकी आली. या मालकीपायी व्हिडिओ गेममधल्या लुटुपुटुच्या लढायांत बारशांचा एक मजेदार इतिहास घडला आहे.

1997 साली जेम्स बाँड या हेरावरचा 'गोल्डनआय' हा खेळ निघाला. बाँडचे 'वॉल्थर पीपीके' पिस्तूल त्यात 'पीपी 7' झाले आणि रशियाची 'एके-47' झाली 'केएफ 7 सोव्हिएट'. चेकोस्लोव्हाकियाच्या 'स्कॉर्पियन'ला तर निंटेंडो कंपनीतल्या केन लॉब या गृहस्थांच्या नावावरून 'क्लॉब' म्हटले गेले. गंमत अशी, की खेळणाऱ्यांत कुचकामी म्हणून बदनाम झाली ती हीच क्लॉब! कौतुकाने मामाचे नाव ठेवावे आणि पोर उनाड निघावे, तशातली गत. पुढे 'काउंटर-स्ट्राइक'च्या 2003 सालच्या आवृत्तीत त्याच एके-47चे नाव 'सीव्ही-47' होते. चेहरा तोच, नाव तेवढे परके.

याच्या उलट, काही खेळवाले बंदुकांच्या कारखानदारांशी रीतसर करार करून खरी नावे वापरीत. डिसेंबर 2012 मध्ये अमेरिकेतील सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला. 20 मुले आणि 6 मोठी माणसे मेली. लोकांत संतापाची लाट उठली. मे 2013 मध्ये 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या कंपनीने जाहीर केले, की यापुढे बंदूकवाल्यांशी करार नाहीत. नावे मात्र आम्ही वापरूच. कादंबरीकाराला जे स्वातंत्र्य, तेच आम्हाला, असा तिचा दावा. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला तो पटतो. माझा नायक अमुक मोटारीत बसला, हे लिहिण्यासाठी मी कुठल्या कारखान्याची परवानगी मागायला गेलेलो नाही. 2020 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयानेही 'कॉल ऑफ ड्यूटी' या खेळातल्या 'हम्वी' या लष्करी गाडीच्या खटल्यात खेळवाल्यांच्याच बाजूने निकाल दिला. तरीही याच मालिकेतल्या 2022 सालच्या खेळात एके-47च्या वळणाची बंदूक आली ती 'कास्टोव्ह 762' होऊन!

मग नाव खरे असावे की खोटे? खरे नाव कारखान्याची फुकट जाहिरात करते, हा आक्षेप खोटा नाही. पण माझ्यातल्या शाळामास्तराला दुसरीच काळजी वाटते. 2020 साली आपल्या देशात बंदी आलेल्या 'पब्जी'मुळे 'एकेएम' हे नाव मुलांच्या तोंडी बसले. त्यातला 'के' कोणाचा, असे वर्गात विचारले तर सगळे गप्प.

तो 'के' मिखाईल कलाश्निकोव्ह यांचा. 1941 साली जर्मनांशी लढताना हा रणगाड्यावरचा शिपाई जखमी झाला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात आपल्या सैन्यासाठी चांगली बंदूक करण्याचे घोळू लागले. ती झाली, आणि देशोदेशी गेली. 2013च्या डिसेंबरात ते वारले. त्याआधी, 2012 साली, त्यांनी रशियन चर्चच्या धर्मगुरूंना पत्र लिहिले होते. माझ्या बंदुकीने माणसे मेली; त्या मृत्यूंचा दोष माझ्याकडे येतो काय, हा त्या वृद्धाचा प्रश्न होता.

हा प्रश्न 'कलाश्निकोव्ह' या नावाला चिकटलेला आहे. 'कास्टोव्ह'ला तो कोण विचारणार? त्याला ना जन्मगाव, ना जखम, ना पश्चात्ताप. खोट्या नावाने कारखान्याची जाहिरात टळते हे खरे. पण त्याबरोबर माणसाची टोचणीही पुसली जाते. म्हणून माझे मत खऱ्या नावाच्या बाजूने आहे. मुले बंदुकीचे नाव शिकणारच असतील, तर तिच्या पाठीमागचा माणूसही त्यांना भेटावा.