वीज आणि गणकयंत्र : बजबजच्या परिसरातील एका विद्येचा इतिहास

हुगळीच्या डाव्या तीरावर, कलकत्त्याच्या दक्षिणेस वसलेले बजबज हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना दोन प्रसंगांमुळे परिचित आहे. पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद १९ फेब्रुवारी १८९७ रोजी येथेच उतरले. आणि २९ सप्टेंबर १९१४ रोजी 'कोमागाता मारू' जहाजावरील उतारूंवर येथेच गोळीबार झाला. या गावाची तिसरी ओळख मात्र विजेची आहे. कलकत्त्याला वीज पुरविणाऱ्या कंपनीची स्थापना विवेकानंदांच्या आगमनाच्याच वर्षी, म्हणजे १८९७ साली, लंडन येथे झाली. १८९९ साली इमामबाग गल्लीतील तिच्या पहिल्या केंद्रातून वीज वाहू लागली. त्याच कंपनीचे ७५० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्र आज बजबजनजीक पुजाली येथे उभे आहे. २००९ साली बजबजमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयही निघाले. विजेची निर्मिती आणि विजेची विद्या यांचा असा शेजार फार थोड्या गावांच्या वाट्याला येतो.

पदवीसाठी विद्युत् शाखा घ्यावी की संगणक शाखा, हा प्रश्न आज बजबजमध्ये जसा विचारला जातो तसाच तो आपल्या मराठी घरांतूनही विचारला जातो. प्रश्न वरवर नवा दिसतो. पण त्याची मुळे जुनी आहेत, आणि ती उलगडून पाहिल्यास आजच्या निर्णयावर पुष्कळ प्रकाश पडतो.

विद्युत् अभियांत्रिकीचे स्वतंत्र अध्यासन १८८२ साली जर्मनीतील डार्मस्टाट येथे एरास्मुस किटलर यांच्याकडे आले. त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेने हा विषय शिकविण्यास आरंभ केला, तोही पदार्थविज्ञानाच्या विभागात! म्हणजे ही शाखा जन्मली ती कारखान्याच्या गरजेपोटी, पण वाढली मूलभूत विज्ञानाच्या मांडीवर. आपल्याकडे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनची, तर मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था १८८७ पासूनची परंपरा सांगते.

बंगालमधील कथा अधिक उद्बोधक आहे. सखाराम गणेश देउस्कर या मराठी कुळातील लेखकाने १९०४ साली 'देशेर कथा' हा बंगाली ग्रंथ लिहून देशाच्या आर्थिक शोषणाचा हिशेब लोकांपुढे ठेवला. लगोलग वंगभंगाची चळवळ पेटली आणि १९०६ साली राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. परंतु पहिल्याच पावलाला मतभेद उद्भवला. तारकनाथ पालित प्रभृतींच्या मते देशाला आधी उद्योगधंदे हवे होते. म्हणून त्यांनी केवळ तंत्रविद्येची 'बेंगॉल टेक्निकल इन्स्टिट्यूट' काढली. दुसऱ्या पक्षाला वाङ्मय, विज्ञान आणि तंत्र यांचा त्रिवेणी संगम अभिप्रेत होता. त्यांच्या नॅशनल कॉलेजचे पहिले प्राचार्य अरविंद घोष होते. १९१० साली हे दोन्ही प्रवाह एकत्र आले, आणि त्यांतूनच पुढे १९५५ साली जादवपूर विद्यापीठ उदयास आले. 'हाताला काम की बुद्धीला पाया' हा वाद त्या पिढीने दोहोंची सांगड घालून मिटविला.

गणकयंत्राचे भारतातील आगमनही याच महानगरात झाले. १९५५च्या सुमारास भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून 'एच.ई.सी.-२एम' हे यंत्र आले. पुढे १९६६ साली ही संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून 'इसिजू-१' हे ट्रान्झिस्टरवर चालणारे गणकयंत्र स्वतः उभारले. आयते यंत्र वापरणे आणि यंत्र घडविणे यांतील अंतर अवघ्या दशकभरात ओलांडले गेले. मंडलांचे आणि तर्काचे पक्के ज्ञान असल्यावाचून हे घडते ना.

वस्तुतः या दोन शाखांचे नाते सख्ख्या बहिणींचे आहे. क्लॉड शॅनन याने १९३६ साली मिशिगन विद्यापीठात विद्युत् अभियांत्रिकी आणि गणित या दोन्ही विषयांच्या पदव्या मिळविल्या. पुढच्याच वर्षी आपल्या प्रबंधात त्याने दाखवून दिले की, विजेच्या स्विचांची जुळणी ही बूलच्या तर्कगणितानेच मांडता येते. संगणकाचा सारा डोलारा या सिद्धान्तावर उभा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेने १९७५ साली आपल्या विद्युत् विभागाच्या नावात संगणकशास्त्राची भर घातली, ती उगाच नव्हे. आपले नरेंद्र करमरकर हेही मुंबईच्या आय.आय.टी.तून १९७८ साली विद्युत् अभियांत्रिकीचेच पदवीधर झाले. आणि १९८४ साली त्यांनी जगाला दिली ती रेखीय नियोजनाची गणनपद्धती!

या इतिहासातून पदवीच्या चार वर्षांची आखणी सहज सुचते. पहिली दोन वर्षे गणित, पदार्थविज्ञान, विद्युत् मंडले, अंकीय तर्क आणि संगणकाची आज्ञावली यांना द्यावीत. तिसऱ्या वर्षी संकेतशास्त्र, विद्युत् यंत्रे, विद्युत् चुंबकीय क्षेत्रे आणि संगणकाची रचना यांचा परिचय झाल्यावरच आपली विशेष दिशा ठरवावी. चौथे वर्ष भोवतालच्या एखाद्या खऱ्या प्रश्नावरील प्रकल्पाचे असावे. विजेच्या मागणीचा अंदाज कसा बांधावा, वाहिनीतील बिघाड क्षणार्धात कसा ओळखावा, असे प्रश्न बजबजच्या विद्यार्थ्याला दाराशीच सापडतील, आणि ते सोडविण्यास दोन्ही विद्या लागतील. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीचा भार १६० श्रेयांकांवर आणून प्रत्यक्ष कार्यानुभवाला स्थान दिले. ही मोकळीक विद्यार्थ्याने जाणीवपूर्वक वापरावी.

आज बाजाराचा ओढा ज्या शाखेकडे आहे, तिकडेच मुलांना लोटण्याची घाई पालकांकडून होते. ती समजण्यासारखी आहे. कारण शिक्षणाचा खर्च मोठा आणि नोकरीची चिंता खरी. परंतु साधने दर दशकात पालटतात, पाया पालटत नाही. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या मंडळात अनुभवी अभियंते आणि नवे विद्यार्थी एकाच छताखाली जमतात. पदवीप्रवेशाच्या आधी या दोन पिढ्यांची एक मनमोकळी बैठक दरवर्षी घडवून आणता आली, तर कित्येक मुलांची चार वर्षे सत्कारणी लागतील.