क्रिस्तपुराणाच्या प्रती

ग्रंथ एकदा छापला गेला म्हणजे तो टिकला, असे आपण सहसा गृहीत धरतो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाचा इतिहास मात्र याच्या नेमका उलट आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाने बायबलातील कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत गुंफली. १६१६ मध्ये हा ग्रंथ रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. १६४९ व १६५४ मध्ये तो पुन्हा निघाला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत संशोधकांच्या हाती लागलेली नाही.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेच्या वापरावर बंदी घातली. त्यानंतर ग्रंथ जगवला तो नकला उतरणाऱ्या हातांनी. ज्यांची नावेही आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत अशा या लेखकूंचे ऋण, माझ्या मते, छापखान्याच्या ऋणाहून मोठे आहे. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. देवनागरी आवृत्तीसाठी मराठी वाचकाला शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या पुणे येथील प्रकाशनापर्यंत थांबावे लागले!

१९९३ मध्ये अमेरिकेत हॅरी प्लांटिंगा या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी हक्कमुदत संपलेले ख्रिस्ती ग्रंथ संगणकजालावर विनामूल्य ठेवण्यास आरंभ केला. त्या ग्रंथालयाचा भर इंग्रजीवर राहिला. साल्ढाणांची आवृत्ती आज ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर कोणासही पाहता येते. एका प्रतीच्या नाशाने ग्रंथच लोपावा, ही भीती त्यामुळे पुष्कळ ओसरली आहे.

तथापि येथे एक विचित्र पेच आहे. साल्ढाणांची लेखनपद्धती पोर्तुगीज वळणाची. मराठी वाचक तेथे अडखळतो, आणि देवनागरीत शब्द लिहून ओवी शोधू पाहणाऱ्यास त्या पानांत काहीच सापडत नाही. उलट, सहज वाचता येईल अशी १९९६ ची कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती हक्कांकित आहे. म्हणजे जी प्रत सर्वांत मोकळी, तीच आपल्याला सर्वांत दुर्बोध.

१९०७ ची संहिता देवनागरीत उतरवून विनामूल्य ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही. जाणकारांनी ती पुढे तपासावी लागेल, हे खरे. पण अकरा हजार ओव्या चाळीस जणांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेतीनशे येतात. आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांची संख्या चाळीसाहून कितीतरी अधिक आहे.