‘सर्ड’ आणि ‘करणी’ : दोन शब्दांची दोन कुळे

इंग्रजी माध्यमाच्या वर्गात ज्याला ‘सर्ड’ म्हणतात, त्यालाच मराठी माध्यमात आपण ‘करणी’ म्हणतो. व्याख्या दोन्हीकडे एकच. एखाद्या धन परिमेय संख्येचे वर्गमूळ, घनमूळ किंवा तसलेच कोणतेही मूळ घेतले आणि ते अपरिमेय निघाले, तर ते मूळ म्हणजे सर्ड. √२ सर्ड आहे; √९ नाही, कारण ते सरळ ३ आहे. π अपरिमेय असूनही सर्ड नाही. ती कोणत्याच परिमेय संख्येचे मूळ असू शकत नाही, हे लिंडेमान यांच्या १८८२ च्या सिद्धतेतून निघते. १+√२ या संख्येचे वर्गमूळही व्याख्येत बसत नाही, कारण चिन्हाखालची संख्याच परिमेय नाही. तेव्हा ‘सर्ड म्हणजे अपरिमेय संख्या’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते अर्धेच खरे. प्रत्येक सर्ड अपरिमेय असते, उलट मात्र नाही.

पण या संख्येला सर्ड का म्हणायचे? हा शब्द ‘सुर्दुस’ या लॅटिन शब्दावरून आला आणि त्याचा अर्थ आहे बहिरा! संख्या बहिरी कशी असेल?

गोष्ट ग्रीकांपासून सुरू होते. ग्रीक भाषेत ‘लोगोस’ म्हणजे बोल, आणि लोगोस म्हणजेच गुणोत्तरही. चौरसाची बाजू आणि कर्ण यांचे गुणोत्तर दोन पूर्णांकांनी मांडता येत नाही हे कळल्यावर अशा राशींना त्यांनी ‘अलोगोस’ म्हटले. गणितात त्याचा अर्थ ‘गुणोत्तर नसलेली’, पण कानाला ‘बोल नसलेली’ असाही ऐकू येणार. पुढे ग्रीक ग्रंथ अरबीत गेले, तेव्हा अरबी गणितींनी अशा राशीला ‘असम्म’ म्हटले. असम्म म्हणजे बहिरा. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने स्पेनमधील टोलेडो येथे अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणले आणि असम्मचा सुर्दुस झाला. सोळाव्या शतकात रॉबर्ट रेकॉर्डच्या इंग्रजी पुस्तकांत तो पोचला. हा तोच रेकॉर्ड, ज्याने १५५७ साली बरोबरचे (=) चिन्ह दिले. बोल नसलेली राशी वाटेत बहिरी झाली आणि बहिरीच राहिली. (इंग्रजीत जुन्या ध्वनिशास्त्रातही हा शब्द होता, अघोष व्यंजनासाठी. म्हणजे करणीतला ‘क’सुद्धा सर्डच!)

आता आपल्या शब्दाकडे वळू. करणी म्हटले की मराठी मुलाला आधी आठवते ती भानामतीची करणी, नाहीतर ‘जशी करणी तशी भरणी’. वर्गात हशा पिकतो. पिकू द्यावा, कारण धातू तोच आहे : कृ, करणे. यज्ञवेदी आखण्याचे नियम देणाऱ्या शुल्बसूत्रांत करणी म्हणजे ‘करणारी’ दोरी, जिच्यावर चौरस उभा राहतो ती. एका चौरसाच्या कर्णावर नवा चौरस काढला तर त्याचे क्षेत्रफळ दुप्पट भरते, म्हणून तो कर्ण ‘द्विकरणी’, दुप्पट करणारी. तिप्पट करणारी ती ‘त्रिकरणी’. आपल्या भाषेत √२ आणि √३. द्विकरणीचे मापही दिले आहे : बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या भागाचा चौथा मिळवा, आणि या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. हिशेब केला तर ५७७/४०८ येते, म्हणजे १.४१४२१५… खरी किंमत १.४१४२१३… पाच दशांश स्थळांपर्यंत फरक नाही.

म्हणजे एकाच राशीकडे दोन परंपरांनी दोन बाजूंनी पाहिले. ग्रीकांच्या नावात ती काय करू शकत नाही हे आहे, शुल्बकारांच्या नावात ती काय करते हे आहे. म्हणून शुल्बकारांना अपरिमेयतेची सिद्धता ठाऊक होती असा निष्कर्ष काही काढता येत नाही, आणि तो उत्साहाच्या भरात काढूही नये. सिद्धता ग्रीकांची.

पुढे करणीचा अर्थ दोरीवरून संख्येवर गेला. ज्या संख्येचे वर्गमूळ घ्यायचे ती करणी झाली. भास्कराचार्य ‘बीजगणित’ या ग्रंथात (सुमारे ११५०) तिच्यापुढे ‘क’ अक्षर लिहितात. क २ म्हणजे √२. मूळ नेमके न निघणाऱ्या संख्यांसाठीच हा खटाटोप होता हे खरे, पण साध्या ३ ला करणीबरोबर हिशेबात घ्यायचे असेल तर ते त्याचे क ९ करून घेतात. आजच्या व्याख्येत हे बसणार नाही. कारण उघड आहे : आजच्या पाठ्यपुस्तकातील ‘करणी’ हा शब्द शुल्बसूत्रांचा असला तरी त्यात भरलेला अर्थ ‘सर्ड’चा आहे. जुन्या ग्रंथांत करणी दिसली की आजची व्याख्या तिथे लावू नये.

भास्कराचार्यांची बेरीज मात्र वर्गात जरूर करून पाहावी. उदाहरण त्यांचेच : क २ आणि क ८. दोहोंची बेरीज १०, तिला ते ‘महती’ म्हणतात. गुणाकार १६, त्याचे मूळ ४, त्याची दुप्पट ८, ही ‘लघु’. महतीत लघु मिळवली की क १८, वजा केली की क २. पहिली मूळ करण्यांची बेरीज, दुसरी वजाबाकी. आपण √८ = २√२ लिहून हेच करतो, बेरीज ३√२ येते, आणि तिचा वर्ग १८ च. रीत का चालते हे मुलांना (√२ + √८) चा वर्ग विस्तारायला सांगितले की त्यांचे त्यांनाच सापडते. क २ आणि क ३ घेतले तर? गुणाकार ६, त्याला मूळ नाही. अशा वेळी भास्कराचार्य सांगतात, दोन्ही शेजारी शेजारी तशाच ठेवाव्यात. √२ + √३ असे लिहून आपणही तेच करतो.