प्रवरेचे माहेर

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्या जिल्ह्याविषयी काही लिहावे, असे मला सांगण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ग्रंथांचा व्यासंग माझ्यापाशी नाही. परंतु ज्या नदीचे पाणी आपण रोज हंड्यात भरतो, तिची हकीकत सांगावयास फार विद्वत्ता लागत नाही, असे मनात आले. म्हणून हे चार शब्द.

आपला जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर, म्हटला की परगावच्या माणसांच्या डोळ्यांपुढे दुष्काळ, धूळ आणि जनावरांच्या छावण्या येतात. ते खोटे नाही. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. तेथे सह्याद्रीचे कडे आहेत, दाट रान आहे. पूर्वेकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी आपण देवाचे आभार मानतो, आणि तिकडे घाटघरला चांगल्या साली पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणूनच घाटघरला नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात.

आपली प्रवरा याच रानातली लेक. रतनगडाच्या डोंगरात ती उगम पावते. पायथ्याच्या रतनवाडीला अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालये बांधली, त्यांपैकी हे एक, असे सांगतात. भिंतींवरचे कोरीव काम पाहून डोळे निवतात. जवळच रेखीव पुष्करणी आहे. पुढे अकोल्यास नदीकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. तेथून ती संगमनेरावरून, बेलापुरावरून नेवाशास जाते आणि टोक्याजवळ गोदावरीस मिळते. नेवाशासच १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. म्हणजे ज्ञानेश्वरांनी ओंजळीत घेतले ते पाणीही याच रानातून आलेले.

दक्षिणेला हरिश्चंद्रगड आहे. त्यावर हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ आणि केदारेश्वराची गुहा आहे. गुहेत भले मोठे शिवलिंग असून भोवती कमरेइतके थंडगार पाणी असते. चांगदेवांनी याच गडावर राहून १३१२ साली ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ लिहिला. गडाच्या कोकणकड्यावरून कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ढगांत गोल इंद्रधनुष्य पाहिल्याची नोंद आहे. त्याला इंद्रवज्र म्हणतात.

सगळ्यांत उंच आहे ते कळसूबाईचे शिखर. उंची १६४६ मीटर. साऱ्या महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. हे शिखर कोणा राजाच्या नावाचे नाही की सरदाराच्या नावाचे नाही. लोक सांगतात, कळसू ही कोळ्यांची पोर. ती एका घरी कामाला राहिली, तेव्हा तिने अट घातली होती की सांगाल ते काम करीन, पण केर काढणे आणि भांडी घासणे करणार नाही. एके दिवशी तिला तेच काम सांगितले. ती काही न बोलता डोंगर चढून गेली आणि तिथेच राहिली. पुढे लोकांनी तिचे देऊळ बांधले. नवरात्रात तेथे यात्रा भरते आणि बारी गावाकडून बायाबापड्या लोखंडी शिड्या चढून ओटी भरावयास जातात. भगिनींनो, महाराष्ट्राच्या माथ्यावर राजा नव्हे, एक कामकरी मुलगी बसली आहे, हे आपण मुलींना आवर्जून सांगावे.

याच डोंगरांत देवगावचे राघोजी भांगरे झाले. ते महादेव कोळी समाजाचे. इंग्रजांचा अंमल आल्यावर डोंगरची राखण करणाऱ्यांचे जुने हक्क गेले आणि सावकारांच्या वह्यांत जमिनी बुडू लागल्या. तेव्हा राघोजींनी बंड उभारले. त्यांना पकडण्यासाठी सरकारने पुष्कळ खटपट केली. अखेर ते पंढरपुरास सापडले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. अठराशे सत्तावनाच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट.

आता धरणाविषयी. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. उंची सुमारे २७० फूट आणि साठा ११ टी.एम.सी. त्या काळी देशातल्या अति उंच धरणांत त्याची गणना होई. २०२६ साल हे त्याचे शंभरावे. धरणातून सुटलेले पाणी रंध्याच्या धबधब्यावरून उडी घेते, पुढे ओझरच्या बंधाऱ्याशी अडते आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी आपल्या शेतांत येते. या पाण्यावर ऊस आला. उसावर १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीने सहकारी साखर कारखाना निघाला. आपल्याकडची पक्की घरे, शाळा, लेकींची कॉलेजे, सारे या पाण्याने दिलेले आहे.

पण माहेरी काय आहे? रतनवाडीस गेले असता एका आजींच्या ओसरीवर मी भाकरी खाल्ली. त्यांनी मला विचारले, “खाली तुमच्याकडं पोचतं का गं आमचं पाणी?” मी म्हटले, “पोचतं आजी, भरपूर पोचतं.” त्या म्हणाल्या, “बरं झालं. आमाला चैतात झऱ्यावर जावं लागतं.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते माझ्या मनातून जात नाही. धरण उशाशी आणि कोरड घशाशी ही म्हण आपण सहज बोलतो. त्या आजी ती जगत आहेत. आषाढात डोंगरावर कोसळलेले पाणी उतारावरून धावत सुटते, वर थांबत नाही. थांबवायचे तर झाडे हवीत, झऱ्यांची निगा हवी, लहान लहान बंधारे हवेत.

१९८६ साली हे रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखले गेले. तेथे शेकरू आहे, हिरड्याची झाडे आहेत, आणि बाळहिरडा वेचून विकणे हा पुष्कळ घरांचा आधार आहे. पावसाच्या तोंडावर हिरडा, बेहडा, जांभूळ या झाडांवर काजव्यांची आरास लागते. ते पाहावयास अलीकडे शहरांतून गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्यांचे चमकणे हे नर-मादीने एकमेकांस ओळखण्याचे बोलणे असते. गाड्यांच्या उजेडात ते बुजते. मादी ओल्या मातीत अंडी घालते, ती पायांखाली तुडवली जातात. पुढल्या वर्षी काजवे यावेत असे वाटत असेल, तर पाहुण्यांनी दिवे मालवून, वाट न सोडता उभे राहावे.

याच तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी भाताचे, वालाचे, भाज्यांचे गावठी बियाणे मडक्यांत जपले आणि इतरांना वाटले. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या आजी-पणजी राखेत बी घोळून ठेवीत, तीच ही विद्या.

तेव्हा मंडळाला माझी एक विनंती आहे. धरणाच्या शंभराव्या वर्षानिमित्त आपली सहल भंडारदऱ्यास न्यावी. पण ती माहेरी जाणाऱ्या लेकीसारखी न्यावी. लेक माहेरी कचरा टाकून येत नाही आणि रिकाम्या हाताने जात नाही. जेवण तिकडच्या बायांच्या हातचे घ्यावे आणि त्याचे दाम पुरते द्यावे. तांदूळ, हिरडा, मध त्यांच्याकडूनच विकत घ्यावा. प्लॅस्टिकची पिशवी नेली तर परत आणावी. आणि मंडळाच्या शिलकीतून जमेल तेवढी रक्कम एखाद्या झऱ्याच्या दुरुस्तीसाठी तेथल्या ग्रामपंचायतीस द्यावी. रक्कम लहान असली तरी चालेल. आपले पाणी ज्यांच्या डोंगरावरून येते, त्यांच्या हंड्यातही ते असावे, एवढेच मागणे आहे.