क्रम आणि कर्तृत्व : नामदेवगाथा व यंत्राची अकारविल्हे

डोंगरकडा ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील नरसी हे एका परंपरेनुसार नामदेवांचे जन्मस्थान होय. त्यांच्या रचनांचा इतिहास हा बव्हंशी क्रमांतराचाच इतिहास आहे. १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात त्यांची पदे (एकूण ६१) रागांनुसार विखुरली. मराठी गाथांनी प्रकरणांचा मार्ग धरला. अकारविल्हे सूचीला मात्र आपण केवळ सोयीची बाब समजत आलो. संगणकाने ही समजूत अडचणीत आणली आहे.

युनिक्स प्रणालीतील ‘सॉर्ट’ ही आज्ञा ओळ हेच एकक मानते. तिच्या हाती गाथा दिली, तर प्रत्येक अभंग मोडतो आणि ‘नामा म्हणे’ने आरंभ होणाऱ्या सगळ्या ओळी ‘न’खाली एकत्र साचतात. शेकडो मुद्रा एका जागी आणि त्यांनी ज्यांवर कर्तृत्वाचा हक्क सांगावा, ती कडवी भलतीकडे! सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा आणि नामदेव यांच्या रचनांची सरमिसळ झालेली असताना हा केवळ तांत्रिक अपघात म्हणता येत नाही. कारण मुद्रेला संहितेपासून तोडून पुरावा मानण्याची खोड अभ्यासकांनाही आहे.

यावरचा उपाय एका ओळीत मावतो. १९७७ साली बेल प्रयोगशाळेत आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी ‘ऑक’ ही भाषा घडवली. तिच्यात नोंदींचा विभाजक रिक्त ठेवला, की कोरी ओळ ही सीमा ठरते व संपूर्ण अभंग एक नोंद होतो. मग आतल्या ओळी एखाद्या अन्यत्र न येणाऱ्या चिन्हाने सांधायच्या, क्रम लावायचा आणि पुन्हा उकलायच्या. (‘पर्ल’मध्येही परिच्छेदवाचनाची अशीच सोय आहे.) पोथीची पाने ओवून ठेवणाऱ्या लेखनिकाला हे नवे वाटले नसते.

तथापि एकक सांभाळले म्हणून क्रम मराठी होत नाही. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना स्वतंत्र स्थानच नाही, ते अनुक्रमे ‘क’ व ‘ज’ यांच्या पोटात जातात. मराठी वर्णमालेने हे तिघे शेवटी ठेवले आहेत. भाषानिहाय क्रमाची वेगळी सूचना दिल्याशिवाय यंत्र संकेतांकच मोजते, आणि त्या सूचीतला ‘क्षण’ शोधताना वाचकाला शेवटचे पान उलटून उपयोग नसतो.