मोटारगाडीचे धुळीपासून संरक्षण

मोटारगाडीचे धुळीपासून संरक्षण म्हणजे गाडीचा रंग, काचा व दिवे यांवर धूळ साचून राहू नये आणि साचलेली धूळ काढताना पृष्ठभागाला इजा होऊ नये, यासाठी केले जाणारे उपाय होत. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर धूळ बसणे पूर्णपणे थांबवता येत नाही. म्हणून धूळ कमी बसावी, बसलेली घट्ट चिकटू नये आणि ती न घासता निघावी, या तीन गोष्टींवर या उपायांचा भर असतो. कोरडी धूळ नुसती पडून राहिल्याने रंगाची फारशी हानी होत नाही. बारीक ओरखडे मुख्यतः ती कोरड्या फडक्याने पुसताना पडतात.

धुळीचे स्वरूप

गाडीवर बसणाऱ्या धुळीत रस्त्याकडेची माती, बांधकामावरील वाळू व सिमेंट, टायर झिजून सुटणारे कण, ब्रेकमधून निघणारी लोहयुक्त भुकटी, काजळी आणि परागकण यांचे मिश्रण असते. स्थानानुसार तिचे घटक बदलतात. दख्खनच्या पठारावर बेसाल्ट खडकापासून बनलेल्या मातीची, तर कोकण व गोव्यात जांभ्याची तांबडी धूळ आढळते. कोळसा खाणी व औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरात, उदाहरणार्थ चंद्रपूर येथे, तीत कोळशाची भुकटी आणि राख मिसळते. काही वेळा धूळ दूरवरूनही येते. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीच्या वादळामुळे मुंबई व परिसरातील वाहनांवर पांढुरका थर साचला होता.

रंगाची रचना व हानी

आधुनिक गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअरकोट असतो. क्लिअरकोटची जाडी साधारणपणे ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे मानवी केसापेक्षा कमी असते. मोहसच्या काठिण्यश्रेणीत वाळूतील क्वार्ट्झचे काठिण्य ७, तर बेसाल्टमधील फेल्डस्पारचे सुमारे ६ असते. क्लिअरकोट यांच्या तुलनेने बराच मऊ असल्याने फडक्याखाली घासले जाणारे कण त्यावर ओरखडे काढतात. गडद रंगाच्या गाडीवर ते उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. पॉलिश करून ते घालवताना क्लिअरकोटचाच काही भाग घासून काढला जातो. हा थर पुन्हा भरून येत नसल्याने अशी दुरुस्ती मोजक्याच वेळा करता येते.

धूळ चिकटण्याची कारणे

कोरड्या हवेत रंगावर कापड घासल्यास स्थिर विद्युतभार निर्माण होतो आणि नुकत्याच पुसलेल्या पृष्ठभागाकडे धूळ ओढली जाते. हिवाळ्यात रात्री पडलेल्या दवाने धूळ भिजते व सकाळच्या उन्हात वाळून तिचा चिखलासारखा थर बनतो. कठीण पाण्यातील क्षार वाळल्यावर पांढरे डाग उरतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. टायर व प्लॅस्टिकच्या भागांना चकाकी आणणाऱ्या तेलकट द्रव्यांवरही धूळ धरते. सिमेंटची धूळ पाण्याशी संयोग पावून घट्ट होत असल्याने ती सर्वांत त्रासदायक ठरते.

प्रतिबंधक उपाय

छताखाली गाडी उभी करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. बांधकाम, कच्चा रस्ता किंवा लोहमार्ग यांपासून अंतर राखल्यासही फरक पडतो. झाडाची सावली उन्हापासून वाचवते, परंतु चीक व पक्ष्यांची विष्ठा यांचा धोका वाढवते. कव्हर स्वच्छ गाडीवरच घालणे आवश्यक असते. धुळीवर घातलेले व वाऱ्याने फडफडणारे कव्हर रंग घासते.

रंगावर कार्नौबा मेण, कृत्रिम पॉलिमर किंवा सिरॅमिक लेप लावतात. कार्नौबा मेण ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून मिळते. सिरॅमिक लेप प्रामुख्याने सिलिकायुक्त संयुगांचे असतात. असे लेप पृष्ठभाग गुळगुळीत व जलरोधक करतात, त्यामुळे धूळ पाण्याबरोबर सहज वाहून जाते. मात्र धूळ बसणे ते थांबवत नाहीत आणि कोरड्या पुसण्याने पडणाऱ्या ओरखड्यांपासून पूर्ण संरक्षणही देत नाहीत.

धूळ काढण्याची पद्धत

गाडी सावलीत व पत्रा थंड असताना धुतात. प्रथम भरपूर पाण्याने धूळ वरून खाली वाहू देतात. नंतर शॅम्पूच्या पाण्यात भिजवलेल्या मायक्रोफायबर कापडाने हलका हात फिरवतात. कापड खळबळण्यासाठी साध्या पाण्याची दुसरी बादली ठेवल्यास सुटलेले कण पुन्हा रंगावर येत नाहीत. शहरी वसाहतींत एकाच बादलीत व एकाच फडक्याने अनेक गाड्या पुसल्या जातात, तेव्हा एका गाडीवरचे कण दुसरीवर घासले जातात. सिमेंटच्या धुळीवर थोडे पाणी शिंपडणे टाळून ती एकाच वेळी भरपूर पाण्याने वाहून घालवतात. चाकांसाठी वेगळे कापड वापरतात. दर्शनी काचेवर धूळ असताना वायपर कोरडा चालवल्यास काचेवर चरे पडतात. म्हणून आधी पाणी सोडतात.

पाण्याचा वापर

नळीने गाडी धुताना पाणी मोठ्या प्रमाणात खर्च होते. मार्च २०२४ मधील टंचाईच्या काळात बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड ठरवला होता. टंचाईत न खळबळता वापरायची वंगणयुक्त द्रावणे उपयोगी पडतात. त्यांत भिजवलेली अनेक स्वच्छ कापडे घेऊन प्रत्येक घडी एकदाच वापरली, तर एका बादलीत गाडी स्वच्छ होते. धूळ जाड असल्यास आधी ती द्रावण फवारून मऊ करावी लागते. तेवढेही पाणी उपलब्ध नसेल, तर काचा, दिवे, आरसे व नंबरपाटी ओल्या कापडाने स्वच्छ ठेवून उरलेली गाडी तशीच राहू देणे रंगाच्या दृष्टीने रोजच्या कोरड्या पुसण्यापेक्षा हितावह असते.