पाणी हलवणारे हात

१८४६ सालची गोष्ट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावाहून अ‍ॅना थिन नावाच्या एक बाई लंडनला परतल्या, तेव्हा त्यांच्या सामानात एक दगडी बरणी होती. बरणीत समुद्राचे पाणी, पाण्यात एक मोठा स्पंज आणि त्या स्पंजाला सुईदोऱ्याने टाचलेले जिवंत प्रवाळ. बाईंचे यजमान वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतले मोठे धर्माधिकारी. घर लंडनच्या मध्यावर, समुद्र दूर, आणि आणलेले पाणी मोजकेच. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता यावे म्हणून बाईंनी एक युक्ती काढली. उघड्या खिडकीपाशी उभे राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतायचे, पुन्हा उलट ओतायचे, असे अर्धा-पाऊण तास. हे काम घरची मोलकरीण करी. पुढे बाईंनी पाण्यात जिवंत समुद्रशैवालही सोडले आणि ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगवले. १८५९ साली त्यांनी हा सारा अनुभव एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात त्या दुसऱ्या बाईची नोंद आहे ती केवळ मोलकरीण म्हणून.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा गंमत वाटली होती. त्यातले मर्म कळायला २०१२ साल उजाडावे लागले. त्याकडे पुढे येतोच.

मी न्यू जर्सीत राहतो, व्यवसायाने अभियंता. २००९ साली घराच्या तळघरात मी प्रवाळांची टाकी उभारायला घेतली. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच; म्हणजे तीस घनफूट, साधारण साडेआठशे लिटर. पाणी, काच, दगड आणि खालची घडवंची मिळून वजन एक टनाच्या पुढे जाते. वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीवर एवढे ओझे ठेवण्याचा धीर झाला नाही, म्हणून तळघरातली काँक्रीटची जमीन निवडली. एका लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने तीस किलो मीठ लागले. प्रत्येक वस्तूचा खर्च मी एका वहीत मांडत होतो. पुढे त्याच वहीच्या मागच्या पानांवर दुसरा हिशेब सुरू झाला: यातली कोणती गोष्ट कोणी शोधून काढली? हा लेख म्हणजे ती मागची पाने.

काचेवरचा कर आणि किनाऱ्याची लूट

१८४५ साली ब्रिटनने काचेवरचा कर रद्द केला आणि काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे एक साधा प्रयोग मांडला. एका भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवल्या, तर वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगायी कुजका पाला खातात आणि पाणी न बदलता सारे जगते. या कल्पनेला पुढे ‘समतोल मत्स्यालय’ म्हणू लागले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला तो या पुस्तकामुळे.

मग वेड पसरले. दिवाणखान्यात समुद्राचा तुकडा हवा, म्हणून माणसे हातोडी-छिन्नी घेऊन किनाऱ्यावर उतरली. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ साली लिहिलेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात त्याची कबुली आहे. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली खडकांमधली भरलेली डबकी पुढे ओकीबोकी झाली आणि वडिलांच्या पुस्तकांचाही त्यात वाटा होता, हे त्याने खेदाने नोंदवले आहे. छंदाच्या इतिहासाची ही दुसरी बाजू पहिल्या दशकातच दिसली होती.

शिवाय घरी नेलेले समुद्रजीव फार दिवस टिकत नसत. वॉरिंग्टनच्या समतोलात प्राणवायूचा विचार होता. पण मासे जे उत्सर्जित करतात त्या अमोनियाचे काय होते, हे तेव्हा कळलेले नव्हते. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे काढून दाखवले. मोलकरणीनंतरचे हे दुसरे न दिसणारे हात. मी टाकी भरली तेव्हा पहिले सहा आठवडे तिच्यात एकही मासा नव्हता. रोज संध्याकाळी चाचणीच्या नळीतला रंग पाहायचा आणि वाट पाहायची. पत्नी म्हणायची, “एवढा खर्च करून नुसते पाणीच बघत बसायचे का?” मी तिला विरजणाचे उदाहरण द्यायचो. दूध आणि भांडे आपले, पण दही लावणारे कोणी वेगळेच. त्यांना वेळ द्यावा लागतो.

जाकार्ताचा जिवंत खडक

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठी खाऱ्या पाण्याची मत्स्यालये मुख्यतः किनाऱ्यावरच्या शहरांत होती. आपल्याकडे मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते १९५१ साली. घरगुती टाक्यांची मात्र दैना होती. लोखंडी चौकटी खाऱ्या पाण्याने गंजत. शोभेसाठी ठेवलेले प्रवाळ म्हणजे धुऊन पांढरे केलेले मेलेले सांगाडे. मासा आजारी पडला की पाण्यात तांब्याचे क्षार टाकत, ते प्रवाळांसारख्या जीवांना विषच.

दरम्यान शास्त्रज्ञांना एक महत्त्वाची गोष्ट उमगत होती. प्रवाळ हा प्राणी खरा, पण त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते शैवाल उन्हात अन्न तयार करते आणि यजमानाला देते. १९५० च्या दशकात जमैकात काम करणाऱ्या थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवले, की उजेड असेल तर प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी जलद बांधतात. अ‍ॅना थिन यांचे थंड समुद्रातले प्रवाळ उजेडाविना जगू शकत. उष्ण समुद्रात प्रवाळभित्ती बांधणाऱ्यांना मात्र सूर्य हवाच.

१९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली रीत मांडली. समुद्रातून आणलेले दगड धुऊन निर्जंतुक न करता, त्यांच्यावरच्या जिवाणू, किडे, शैवाल यांच्यासह तसेच टाकीत मांडायचे. नळीतून हवेचे बुडबुडे सोडायचे आणि खिडकीतले ऊन येऊ द्यायचे. प्रवाळ त्यात जगत. युरोप-अमेरिकेत जो दगड घासून स्वच्छ करत, तोच खरा कामकरी होता, हे या माणसाने ओळखले. अशा दगडाला छंदिष्टांनी ‘जिवंत खडक’ असे नाव दिले. मात्र जाकार्ताचे ऊन, तिथली ऊब आणि ताजे समुद्राचे पाणी थंड देशात कुठून आणायचे?

चुन्याची निवळी

याचे उत्तर जर्मन भाषिक छंदिष्टांनी शोधले. १९७० च्या दशकात पेटर विल्केन्स यांनी प्रवाळांना चुना पुरवण्याची सोपी पद्धत रूढ केली. चुना पाण्यात कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे नितळ पाणी थेंब थेंब टाकीत सोडायचे, म्हणजे वाफ होऊन उडालेल्या पाण्याची भरही होते. जर्मन भाषेत त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘चुन्याचे पाणी’. मी ते वाचले आणि हसू आले. ही तर चुन्याची निवळी! माझी आजी घरातल्या लहान मुलांना हाडे बळकट व्हावीत म्हणून तीच पाजत असे.

याला बर्लिनच्या छंदिष्टांनी आणखी दोन गोष्टींची जोड दिली. एक, फेस काढणारे यंत्र. उभ्या नळकांड्यात पाण्यातून बारीक बुडबुडे सोडले की सेंद्रिय घाण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते. गुऱ्हाळात उकळत्या रसावर आलेली मळी काढतात ना, तसेच. फक्त इथे विस्तव नाही, हवा आहे. दुसरी, उन्हाची बरोबरी करू पाहणारे प्रखर दिवे. जिवंत खडक, फेसयंत्र, दिवे आणि चुना या चौकडीला ‘बर्लिन पद्धत’ म्हणतात. अमेरिकेत १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने घरगुती प्रवाळभित्तीची हवा निर्माण केली आणि १९९४ साली डेलबीक व स्प्रंग यांच्या ‘द रीफ अ‍ॅक्वेरियम’ या ग्रंथाचा पहिला खंड आला. माझी प्रत पाण्याच्या डागांनी भरली आहे.

बर्लिनच्याच डिट्रिश श्ट्यूबर यांनी एका फांद्या फुटणाऱ्या प्रवाळाचा लहानसा जीव वाढवला, त्याच्या फांद्या तोडून इतरांना दिल्या, त्यांनी पुढच्यांना दिल्या. जास्वंदीची फांदी शेजारणीला द्यावी तसा तो प्रवाळ टाकीतून टाकीत आणि देशातून देशात गेला. आजही तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. समुद्रातून ओरबाडून आणण्याला पर्याय आहे, हे या देण्याघेण्याने दाखवले.

पाच दिवस

२९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले. संध्याकाळी आमची वीज गेली. त्या क्षणी तळघरात जी शांतता पसरली ती मी विसरलेलो नाही. तीन वर्षे अखंड चाललेला पंपांचा आवाज थांबला होता. साडेआठशे लिटर पाणी थबकले, आणि थबकलेल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो. माझ्याकडे जनरेटर नव्हता. बॅटरीवर चालणारे हवेचे पंप दुकानांतून आधीच संपले होते.

मी स्वयंपाकघरातून पातेले आणि तांब्या आणला. पाणी भरायचे आणि उंचावरून टाकीत ओतायचे, बस्स. अर्धा तास मी, मग पत्नी, मग बारा वर्षांचा मुलगा. पहिल्या रात्री केव्हातरी, खांदे भरून आलेले असताना, वेस्टमिन्स्टरच्या त्या खिडकीची आठवण झाली. दीडशेहून अधिक वर्षांचा शोध, फेसयंत्रे, पंप, हजारो डॉलर, हे सगळे वजा केल्यावर उरले होते एक भांडे आणि ते उचलणारा हात. ती बाई हे रोज करीत होती, आणि तो छंद तिचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी पाणी पंचवीस अंशांवरून अठरावर आले. गॅसवर पाणी तापवून, बाटल्यांत भरून त्या तरंगत सोडल्या. पाचव्या दिवशी वीज आली. तोपर्यंत तीन मासे गेले होते आणि सगळ्या फांद्यांच्या प्रवाळांचे मांस गळून पांढरे सांगाडे उरले होते. १३ नोव्हेंबरला दिवाळी होती. वर फराळाची ताटे मांडली होती आणि मी खाली सांगाडे बादलीत भरत होतो. त्यातल्या काहींचे मूळ फिजीच्या समुद्रातले होते. ज्या जिवंत खडकांचे मी एवढे कौतुक केले, तेही तिथल्याच किनाऱ्यावरून उचललेले. वहीत त्यांची किंमत होती, ते कोणी पाण्यात उतरून काढले याची नोंद नव्हती. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे सायनाइडने गुंगवून पकडले गेले. त्यात भित्तीही मरते आणि पाण्यात उतरणाऱ्याचाही जीव टांगणीला लागतो. न दिसणाऱ्या हातांची यादी मला वाटली त्यापेक्षा लांब होती.

दिलेले तेवढे उरले

वसंतात एक मित्र घरी आला. दोन वर्षांपूर्वी मी त्याला एका प्रवाळाची बोटाएवढी फांदी दिली होती. त्याच्या गावची वीज गेली नव्हती. ती फांदी आता नारळाएवढी झाली होती. तिचाच एक तुकडा त्याने परत आणला. माझ्या पहिल्या टाकीतले तेवढेच प्रवाळ आज जिवंत आहेत, जे मी देऊन टाकले होते. त्यानंतर समुद्रातून काढलेले काहीही विकत घेतले नाही. खडक कृत्रिम, मासे पिंजऱ्यात नव्हे तर हौदात जन्मलेले, प्रवाळ फांद्यांवर वाढवलेले.

पुण्याचा भाचा विचारतो, “मामा, इथे करता येईल का अशी टाकी?” मी नाही म्हणतो. भारतात २००१ पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. त्याला सांगतो, मालवणला जा, सिंधुदुर्गाजवळच्या पाण्यात डोके बुडव, आणि हात लावू नकोस.

पण टाक्यांतून आलेले ज्ञान वाया गेलेले नाही. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील जेमी क्रेग्स आणि सहकाऱ्यांनी चंद्रप्रकाश, तापमान आणि दिवसाची लांबी यांची हुबेहूब नक्कल करून बंद टाक्यांत प्रवाळांचे प्रजनन घडवले आणि २०१७ साली त्याची पद्धत प्रसिद्ध केली. आणि २०२० साली मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी व हाजीअली इथल्या अठरा प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे बसवण्यात आल्या. जिवंत प्रवाळ हलवायचा कसा, हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे.

टाकी आज पुन्हा भरलेली आहे. जनरेटर घेतला आहे, बॅटरीचा पंपही आहे. तरी घडवंचीच्या खणात तो तांब्या ठेवलेला असतो. मुलगा आता मोठा झाला. सुट्टीत घरी आला की तळघरात जातो, आणि आधी पंपांचा आवाज ऐकतो.